‘अन्याय झाला’ : चाहत्याचे मूल्यविधान आणि ऑस्करचा निवाडा

ऑस्कर पारितोषिकांचा समारंभ आटोपला की चित्रपटांच्या चाहत्यांमध्ये जो वाद माजतो त्यात एक विधान हटकून आढळते : अमुक चित्रपटावर अन्याय झाला. हे विधान जुने आहे आणि त्याची उदाहरणे आता जवळजवळ पाठ झालेली आहेत. १९४२ साली ऑर्सन वेल्सच्या ‘सिटिझन केन’ऐवजी जॉन फोर्डच्या ‘हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक मिळाले, १९७७ साली ‘टॅक्सी ड्रायव्हर’ आणि ‘नेटवर्क’ स्पर्धेत असताना ते ‘रॉकी’ला गेले, १९८१ साली ‘रेजिंग बुल’ मागे पडला आणि ‘ऑर्डिनरी पीपल’ पुढे आला, १९९९ साली ‘शेक्सपिअर इन लव्ह’ने ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’वर मात केली, २००६ साली ‘ब्रोकबॅक माउंटन’ हरला आणि ‘क्रॅश’ जिंकला. या निकालांविषयीची चाहत्यांची मते बरोबर आहेत की चूक, हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. (‘क्रॅश’विषयी माझे मत चाहत्यांहून वेगळे नाही, एवढे नोंदवून तो मुद्दा बाजूला ठेवतो.) प्रश्न आहे तो असा की, ही मते मुळात कोणत्या जातीची विधाने आहेत? ‘मला तो चित्रपट अधिक आवडला’ या विधानात आणि ‘त्या चित्रपटावर अन्याय झाला’ या विधानात जे अंतर आहे ते चाहता कोणत्या आधारावर ओलांडतो? आणि ते ओलांडण्याचा त्याला काही अधिकार आहे काय?

या प्रश्नाकडे आपल्या समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. चाहता हा समीक्षकाला मित्र वाटत नाही. त्याचे प्रेम आंधळे, त्याची भाषा अतिशयोक्तीची, त्याचा राग क्षणिक, असे आपण गृहीत धरतो. पारितोषिकाचा समारंभ तर बोलूनचालून बाजाराचा भाग; तेव्हा बाजारातील कोलाहलाची तात्त्विक मीमांसा कशाला करायची? पण एक गोष्ट विसरता येत नाही. साहित्याच्या किंवा चित्रकलेच्या बाबतीत सर्वसामान्य माणूस मूल्यविधाने करण्याचे धाडस सहसा करीत नाही. ते काम तो तज्ज्ञांवर सोपवतो. चित्रपटाच्या बाबतीत मात्र तो न विचारता, न बिचकता मूल्यविधान करतो, त्यासाठी भांडतो, आणि भांडताना कारणे देतो. अभिरुचीची मीमांसा करणाऱ्याला यापेक्षा चांगली सामग्री कोठे मिळणार?

कांटने १७९० साली केलेला भेद येथे उपयोगी पडतो. सुखद वस्तूविषयी बोलताना मी ‘मला’ हा शब्द गृहीत धरतो. एखादे मद्य मला रुचते आणि तुम्हांला रुचत नाही, यात वादाचे कारण नाही. सौंदर्यविधान करताना मात्र मी केवळ स्वतःच्या वतीने बोलत नाही. सर्वांनी माझ्याशी सहमत व्हावे अशी अपेक्षा त्या विधानातच असते, जरी ती अपेक्षा पुरी होईल याची हमी कोणत्याही नियमाने देता येत नसली, तरी. चाहत्याचे विधान या दुसऱ्या प्रकारचे आहे हे कळायला फार विचार लागत नाही. ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून त्याचे समाधान करू पाहणाऱ्यावर तो आणखीच चिडतो. त्याचे चिडणे तर्कशुद्ध आहे. कारण त्याने आवड सांगितलेलीच नव्हती. त्याने दावा केला होता.

परंतु कांटच्या सौंदर्यविधानापाशी चाहता थांबत नाही. ‘रेजिंग बुल’ श्रेष्ठ आहे एवढेच म्हणून तो राहत नाही; श्रेष्ठ असल्यामुळे पारितोषिक त्याचे होते आणि ते त्याला नाकारले गेले, असे तो म्हणतो. म्हणजे सौंदर्यविधानावर त्याने एक नैतिक मजला चढवलेला असतो. कोणाचे तरी देणे लागत होते, आणि ते दिले गेले नाही. या वरच्या मजल्याचा पाया कितपत पक्का आहे, हे पाहिले पाहिजे.

जोएल फाइनबर्ग या अमेरिकी तत्त्वज्ञाने योग्यता आणि अधिकार यांत जो भेद केला आहे तो नेमका पारितोषिकांच्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. शर्यतीत जो प्रथम पोहोचतो त्याला पदकाचा अधिकार प्राप्त होतो. पण शेवटच्या वळणावर दैवयोगाने घसरून पडलेला धावपटू विजयाला अधिक योग्य होता, असे आपण सुसंगतपणे म्हणू शकतो. अधिकार नियमांतून येतो, योग्यता गुणांतून. मराठीत ‘पारितोषिकास पात्र ठरला’ हा प्रयोग दोन्ही अर्थांनी चालतो, आणि बराचसा गोंधळ तेथूनच सुरू होतो. १९८३ साली ‘गांधी’ने ‘इ.टी.’ला हरवले. खुद्द रिचर्ड ॲटनबरो यांनी पुढे ‘इ.टी.’ हा चित्रपट या नात्याने अधिक नावीन्यपूर्ण आणि विलक्षण होता असे सांगितले आहे. हे त्यांचे मत प्रामाणिक मानले, तर त्यांनी ती बाहुली परत करायला हवी होती काय? असे कोणीही म्हणाले नाही, आणि म्हणणे विचित्रच झाले असते. योग्यता दुसऱ्याची असूनही अधिकार आपला असू शकतो, हे अशा प्रसंगी सर्वांना न सांगता कळते. (याच चित्रपटाच्या वेषभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांना जॉन मोलो यांच्यासह पारितोषिक मिळाले, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्यांनी २०१२ साली आपली बाहुली अकॅडमीकडे परत पाठवली ती मात्र वेगळ्या कारणाने : आपल्यामागे तिचा सांभाळ नीट व्हावा म्हणून.)

अधिकाराच्या बाबतीत चूक कशी दिसते याचा नमुना २६ फेब्रुवारी २०१७ च्या समारंभाने जगासमोर ठेवला. वॉरन बेटी आणि फे डनवे यांच्या हाती चुकीचे पाकीट दिले गेले, ‘ला ला लँड’चे नाव घोषित झाले, आभाराची भाषणे सुरू झाली, आणि मग त्याच चित्रपटाचे निर्माते जॉर्डन हॉरोवित्झ यांनी ‘मूनलाइट’ जिंकल्याचे सांगून खरे कार्ड प्रेक्षकांपुढे धरले. येथे चूक झाली याविषयी कोणाचेही दुमत झाले नाही. ‘ला ला लँड’च्या कट्टर चाहत्याचेही नाही. कारण चुकीचे प्रमाण हातात धरता येण्याजोगे होते. आता २००६ च्या निकालाचा विचार करा. जॅक निकल्सन यांनी पाकिटातले नाव बरोबरच वाचले होते. तरीही चाहता म्हणतो की चूक झाली. तो कोणते कार्ड दाखवणार?

जॉन रॉल्स यांनी प्रक्रियात्मक न्यायाचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांच्या भाषेत हा पेच मांडता येईल. खटल्यात आरोपी खरोखर दोषी आहे की नाही हे न्यायालयाच्या निर्णयापासून स्वतंत्र असते; न्यायालय त्या सत्यापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करते आणि कधी चुकते. सचोटीने खेळलेल्या जुगारात मात्र निकालाबाहेर कोणताच निकष नसतो. जे दान पडले तेच न्याय्य. ऑस्कर यांपैकी काय आहे? ‘सर्वोत्कृष्ट’ हे विशेषण पहिल्या प्रकाराची भाषा बोलते : श्रेष्ठत्व आधीच अस्तित्वात आहे, मतदार ते फक्त ओळखतात. मतपत्रिका आणि मोहोरबंद पाकीट दुसऱ्या प्रकाराची भाषा बोलतात : मते मोजली, संपले. संस्था या दोन भाषांपैकी सोयीची असेल ती वापरते. स्तुती हवी असते तेव्हा पहिली, टीका होते तेव्हा दुसरी. १९८९ च्या समारंभापासून ‘आणि विजेता आहे...’ या शब्दांऐवजी ‘आणि ऑस्कर जाते...ला’ अशा अर्थाचे शब्द वापरायला सुरुवात झाली. इतरांना पराभूत म्हटल्यासारखे होऊ नये हा त्यामागचा हेतू. पण बदललेल्या वाक्याचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. विजेत्याविषयीचे विधान जाऊन वस्तूच्या हस्तांतराचे विधान आले. कोणी श्रेष्ठ आहे असे आता म्हटलेलेच नाही. एक बाहुली एका हातातून दुसऱ्या हातात गेली, एवढेच. चाहत्याला मात्र हे व्याकरण मान्य नाही. तो अद्याप जुनेच वाक्य ऐकतो, आणि शीर्षकातला ‘सर्वोत्कृष्ट’ हा शब्द जोवर शाबूत आहे तोवर त्याचे ऐकणे चुकीचे म्हणता येत नाही.

या ठिकाणी मतदानाच्या रीतीचाही विचार करावा लागतो. २०१० च्या समारंभापासून सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पसंतिक्रमाची पद्धत वापरली जाते. सभासद चित्रपटांना क्रम देतात. कोणालाही निम्म्याहून अधिक पहिल्या पसंती मिळाल्या नाहीत तर तळाचा चित्रपट बाद करून त्याची मते पुढच्या पसंतीकडे वळवतात, आणि असे करीत बहुमतापर्यंत जातात. म्हणजे प्रारंभी सर्वाधिक लोकांनी पहिला क्रम दिलेला चित्रपट अखेरीस हरू शकतो, आणि अनेकांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीला उतरलेला जिंकू शकतो. निवडणूक म्हणून ही पद्धत निर्दोष असेल. पण तिच्यातून निघणारा निकाल हा कोणा एकाचे मूल्यविधान असतो असे म्हणता येईल काय? सुमारे दहा हजार सभासदांच्या मतांचे ते फलित. त्याला कर्ता नाही आणि, जे अधिक महत्त्वाचे, कारणे नाहीत. न्यायाधीश निकालपत्र लिहितो. समीक्षक आपल्या मताची उपपत्ती देतो. अकॅडमी नाव सांगते आणि पुढच्या पारितोषिकाकडे वळते. ‘अन्याय’ हा शब्द वापरताना चाहता न्यायालयाची कल्पना करीत असतो; पण ज्या निवाड्याला कारणमीमांसाच नाही त्याविरुद्ध अपील तरी कसे करायचे? मला वाटते, समारंभानंतरचा कोलाहल बऱ्याच अंशी या पोकळीतून निर्माण होतो. न लिहिलेले निकालपत्र चाहते स्वतःच लिहू लागतात, आणि मग ते खोडून काढतात.

कलेच्या क्षेत्रात निवाडा कोणी करावा हा प्रश्न आपल्याला नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातील सत्ताविसावा अध्याय सिद्धींचा, म्हणजे प्रयोगाच्या यशाचा आहे. तेथे मानुषी सिद्धी सांगितली आहे ती प्रेक्षकांच्या उघड प्रतिसादाची : स्मित, हास्य, ‘साधु’चा उद्गार, रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्रे आणि अंगठ्या उधळणे. तिच्यापलीकडे दैवी सिद्धी, जिथे शब्द नाही, क्षोभ नाही, आणि प्रेक्षागृह भरलेले आहे. वेगवेगळ्या वयाचे आणि वृत्तीचे प्रेक्षक वेगवेगळ्या गोष्टींनी संतुष्ट होतात, तरुण शृंगाराने, विरक्त मोक्षाच्या कथेने, शूर युद्धाच्या प्रसंगाने, हेही भरताने मान्य केले आहे. आणि नटांमध्ये संघर्ष उत्पन्न झाला, कोणाला पताका द्यावी असा वाद निघाला, तर प्राश्निकांना विचारावे असे सांगितले आहे. हे प्राश्निक म्हणजे यज्ञवेत्ता, नर्तक, छंदोविद, शब्दविद, अस्त्रविद, चित्रकार, वेश्या, गायक, राजसेवक आदी जाणकार. आणि प्रत्येकाने निर्णय द्यायचा तो आपापल्या विषयापुरता. यज्ञाच्या प्रसंगात यज्ञवेत्त्याचा शब्द, शस्त्राच्या प्रसंगात धनुर्धराचा.

अकॅडमीच्या नामांकनांची रचना याच्याशी मिळतीजुळती आहे. नट नटांना, संकलक संकलकांना नामांकन देतात. पण अंतिम फेरीत हे तत्त्व सोडले जाते आणि सर्व सभासद सर्व विभागांत मत देऊ शकतात. म्हणजे भरताच्या परिभाषेत, पहिल्या फेरीतला प्राश्निक दुसऱ्या फेरीत सामान्य प्रेक्षक होतो. हा प्रेक्षक चाहत्याहून कोणत्या अर्थाने श्रेष्ठ? २०२६ च्या समारंभापासून अकॅडमीने एक नियम केला आहे : ज्या विभागात अंतिम मत द्यायचे त्यातील सर्व नामांकित चित्रपट सभासदाने पाहिलेले असले पाहिजेत. नियम स्तुत्य आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की त्यापूर्वीच्या जवळजवळ शतकभरात न पाहता मत देण्यास अशी सर्वसाधारण आडकाठी नव्हती. न वाचता परीक्षण लिहिणारा समीक्षक आपल्याकडेही नसतो असे नाही. परंतु त्याचे मत त्याच्या नावाने छापले जाते, ही त्यातल्या त्यात सोय.

डेव्हिड ह्यूमने १७५७ च्या आपल्या निबंधात खऱ्या परीक्षकाची लक्षणे दिली आहेत : सुदृढ बुद्धी, संवेदनेची तरलता, अभ्यास, तुलना, आणि पूर्वग्रहापासून मुक्तता. या कसोटीवर चाहत्याला उभे केले तर निकाल मजेशीर लागतो. अभ्यासात तो बहुतेक मतदारांहून सरस असण्याची शक्यता आहे. ज्या चित्रपटावर त्याचे प्रेम आहे तो त्याने अनेकदा पाहिलेला असतो, त्यातील एकेका चौकटीची त्याला ओळख असते. तुलनेतही तो कमी नसतो. संवेदना तरल आहे की नाही हे व्यक्तीवर अवलंबून. तो नापास होतो तो शेवटच्या लक्षणात, आणि हे नापास होणे आनुषंगिक नाही. ज्या प्रेमामुळे त्याने चित्रपट दहा वेळा पाहिला त्याच प्रेमामुळे तो दुसरा चित्रपट एकदाही नीट पाहू शकत नाही. अभिनवगुप्ताने रसास्वादातील जी विघ्ने सांगितली त्यांत रसिकाने आपल्याच सुखदुःखाला वश होणे हे एक आहे, आणि अनुभव ‘माझा’ किंवा ‘परक्याचा’ म्हणून देशकालात बांधून घेणे हे दुसरे. चाहता ही दोन्ही विघ्ने अभिमानाने बाळगतो. ‘माझा’ चित्रपट हा शब्दप्रयोग त्याच्या तोंडी सहज येतो. सहृदयाजवळ तन्मयता असते पण मालकी नसते. चाहत्याजवळ दोन्ही असतात, आणि मालकी हळूहळू तन्मयतेची जागा घेऊ लागते.

ही जागा पूर्णपणे घेतली गेली म्हणजे काय होते, ते २०२२ साली दिसले. २००९ साली ‘द डार्क नाइट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नामांकन मिळाले नाही म्हणून चाहते संतापले होते. त्यानंतर अकॅडमीने नामांकनांची संख्या पाचवरून दहा केली, आणि त्या निर्णयात या नाराजीचा वाटा होता असे सर्वसाधारणपणे मानले जाते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ‘लोकप्रिय’ चित्रपटासाठी वेगळा विभाग जाहीर झाला. टीका होताच सप्टेंबरमध्ये तो पुढे ढकलला गेला. अखेर २०२२ मध्ये ट्विटरवर चाहत्यांचे मतदान घेण्यात आले. त्यात आवडता चित्रपट म्हणून झॅक स्नायडर यांचा ‘आर्मी ऑफ द डेड’ निवडला गेला, आणि सर्वांत जल्लोषाचा क्षण म्हणून त्यांच्याच ‘जस्टिस लीग’मधील एक प्रसंग. स्नायडर यांच्या संघटित चाहत्यांनी जोर लावला होता, हे उघड होते. त्या कौलाचे नंतर कोणी समर्थन केले नाही, आणि विशेष म्हणजे इतर चाहत्यांनीही केले नाही. ज्यांना इतकी वर्षे आपले मत विचारले जात नाही याचा राग होता, त्यांना मत विचारले गेल्यावर निघालेला निकाल आपला वाटला नाही.

याचा अर्थ चाहत्यांची अभिरुची हीन आहे असा काढणे सोपे आहे, आणि चुकीचेही. मतदान या क्रियेतच मूल्यविधानाचे काहीतरी हरवते. ‘रेजिंग बुल’ श्रेष्ठ का, असे विचारले तर चाहत्याला मुष्टियुद्धाच्या दृश्यांतील ध्वनीविषयी, कृष्णधवल छायालेखनाविषयी, नायकाच्या आत्मनाशाविषयी बोलावे लागते, विरोधकाला ‘ऑर्डिनरी पीपल’मधील संयमाचा मुद्दा काढता येतो, आणि कधीकधी, क्वचितच, एकाचे पाहणे दुसऱ्यामुळे बदलते. मतपत्रिका यांपैकी काहीच मागत नाही. ती फक्त बळ मोजते. चाहत्याच्या मताला जे काही तात्त्विक वजन आहे ते त्याच्या युक्तिवादाचे आहे. त्याची गणती केली की ते नाहीसे होते आणि मागे उरते ती टोळी. अकॅडमीच्या सभासदांच्या मताचीही गत याहून निराळी नाही, एवढेच की तेथे टोळ्यांना निर्मितिसंस्थांचा पैसा आणि प्रचारयंत्रणा मिळते. १९९९ च्या निकालानंतर मिरॅमॅक्सच्या प्रचारमोहिमेवर जी टीका झाली तिचे मर्म हेच होते.

आता पुन्हा ‘अन्याय’ या शब्दाकडे येऊ. अन्याय व्हायचा तर तो कोणावर तरी व्हावा लागतो. कोणावर? चित्रपटाला इजा होत नाही. ‘सिटिझन केन’चे मोल १९४२ च्या निकालाने कणभरही उतरले नाही. दिग्दर्शकाला होत असेल, पण मार्टिन स्कोर्सेसी किंवा स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या वतीने कोणी अश्रू ढाळावेत अशी त्यांची स्थिती कधीच नव्हती. पी. एफ. स्ट्रॉसन यांनी स्वतःला झालेल्या इजेबद्दलचा रोष आणि दुसऱ्याला झालेल्या इजेबद्दलचा संताप यांत भेद केला आहे. दुसरा निःस्वार्थ असल्यामुळे तो नैतिक मानायचा. चाहत्याचा आविर्भाव संतापाचा असतो, पण आत पाहिले तर पुष्कळदा रोष निघतो. त्याच्या दृष्टीने नाकारला गेला तो चित्रपट नव्हे. त्याची अभिरुची नाकारली गेली. कांटच्या अर्थाने त्याने सर्वांच्या संमतीची मागणी केली होती, आणि जगातल्या सर्वांत गाजलेल्या व्यासपीठावरून ती फेटाळली गेली. ही इजा खरी आहे. फक्त तिला अन्याय म्हणता येत नाही. संमतीची अपेक्षा करता येते, तिच्यावर हक्क सांगता येत नाही.

मात्र याच समारंभाच्या इतिहासात असे प्रसंग आहेत जेथे ‘अन्याय’ हा शब्द अक्षरशः घ्यावा लागतो, आणि ते प्रसंग चाहत्यांच्या नेहमीच्या तक्रारीत मिसळून टाकल्याने दोहोंचे नुकसान होते. २०१५ आणि २०१६ या लागोपाठच्या दोन वर्षी अभिनयाच्या चारही विभागांतील वीसही नामांकने गोऱ्या कलावंतांना गेली. त्यावर जो निषेध झाला त्यातील मुख्य विधान ‘अमुक नट तमुकापेक्षा श्रेष्ठ होता’ असे नव्हते. परीक्षक कोण आहेत, भूमिका कोणासाठी लिहिल्या जातात, कोणाचे चित्रपट उभेच राहत नाहीत, असे ते प्रश्न होते. येथे तक्रार निकालाविषयीची नसून निकालाच्या पूर्वअटींविषयीची आहे, आणि तिला इजा झालेली माणसे आहेत. ‘फक्त गुणवत्ता पाहा’ हे तिला दिलेले उत्तर म्हणूनच गैरलागू होते. गुणवत्ता दिसण्यासाठी तिला पडद्यापर्यंत येऊ द्यावे लागते. अकॅडमीने जानेवारी २०१६ मध्ये सभासदवर्ग अधिक व्यापक करण्याचा कार्यक्रम जाहीर केला तो या तक्रारीमुळे. पण त्याची दुसरी बाजूही दिसली. पुढच्या वर्षी ‘मूनलाइट’ जिंकला तेव्हा तो भरपाई म्हणून निवडला गेला अशी कुजबुज झाली. ‘मूनलाइट’ पाहिलेल्या कोणालाही ती हास्यास्पद वाटावी. तरी ती शक्य झाली ती अशामुळे की, कारणे न देणाऱ्या निवाड्यात कोणतेही कारण भरता येते.

दुसरा प्रसंग एलिया कझान यांचा. १९५२ साली त्यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे आपल्या काही जुन्या सहकाऱ्यांची नावे कम्युनिस्ट म्हणून सांगितली. १९५५ साली ‘ऑन द वॉटरफ्रंट’साठी त्यांना दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले, ते परत घ्या असे आजही कोणी म्हणत नाही. १९९९ साली त्यांना जीवनगौरवाचे सन्मान्य पारितोषिक देण्यात आले तेव्हा मात्र सभागृह दुभंगले : काही उभे राहिले, काहींनी बसूनच टाळ्या वाजवल्या, काही हात न हलवता बसून राहिले. हा भेद मला अत्यंत सयुक्तिक वाटतो. एका कृतीचे पारितोषिक त्या कृतीचे असते. कृतीचा कर्ता कसाही असो, तिचे गुण तिच्यापाशी राहतात. पण संपूर्ण आयुष्याचा गौरव करायचा म्हटल्यावर आयुष्यातले एक वर्ष वगळता येत नाही. कृती आणि कर्ता यांच्या संबंधाविषयी आपल्याकडे एवढे लिहिले गेले आहे, त्यात पारितोषिकाच्या प्रकारानुसार हा संबंध बदलतो या मुद्द्याचा विचार झालेला नाही. तो त्या रात्री न बोलता झाला.

आपल्या देशात ऑस्करकडे पाहणाऱ्या चाहत्याच्या पाठीशी आणखी एक गोष्ट उभी असते ती म्हणजे राष्ट्र. १९९२ साली सत्यजित राय यांनी कलकत्त्यातील रुग्णशय्येवरून सन्मान स्वीकारला तेव्हा, २००२ साली ‘नो मॅन्स लँड’पुढे ‘लगान’ हरला तेव्हा, किंवा २०२३ साली ‘नाटू नाटू’ जिंकले तेव्हा, मूल्यविधानाचा प्रश्न जवळजवळ मिटलेलाच होता. ‘नो मॅन्स लँड’ पाहून मग ‘लगान’वर अन्याय झाला असे म्हणणारे किती होते, कोण जाणे. २००४ सालचा ‘श्वास’चा प्रसंग मात्र वेगळा आहे. ‘श्यामची आई’नंतर राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळवणारा हा पहिला मराठी चित्रपट भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेला, आणि अमेरिकेत त्याचे खेळ व प्रसिद्धी करण्यासाठी पैसे नाहीत हे कळल्यावर लोकांनी देणग्या दिल्या. चित्रपटाला नामांकन मिळाले नाही. पण ज्यांनी पैसे दिले त्यांनी नेमके काय विकत घेऊ पाहिले होते? निकाल नव्हे. परीक्षकांनी चित्रपट पाहावा, एवढेच. योग्यतेला दृष्टीस पडण्याचा खर्च असतो, आणि तो निकषांच्या कोणत्याही चर्चेत धरलेला नसतो, ही गोष्ट त्या देणगीदारांना तत्त्वज्ञांच्या आधी कळली होती. २०२४ साली कान महोत्सवात ग्रां प्री मिळवलेल्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ऐवजी ‘लापता लेडीज’ भारतातर्फे गेला, तेव्हाचा वादही याच जातीचा : तक्रार हरल्याची नव्हती, स्पर्धेच्या दारात उभे राहू न दिल्याची होती.

अगदी पहिल्या समारंभात, १६ मे १९२९ रोजी, अकॅडमीने चित्रपटांसाठी दोन स्वतंत्र पारितोषिके दिली होती. एक उल्लेखनीय चित्रपटाचे, ते ‘विंग्ज’ला, दुसरे अनन्यसाधारण आणि कलात्मक चित्रपटाचे, ते मुर्नाऊच्या ‘सनराइज’ला. दोन्ही एकाच दर्जाची मानली गेली होती. पुढच्याच वर्षी दुसरे पारितोषिक बंद करण्यात आले, आणि त्यानंतर अकॅडमीने असे ठरवले की पहिल्या वर्षीचे सर्वोच्च पारितोषिक म्हणजे ‘विंग्ज’ला मिळाले तेच. ‘सनराइज’ हरला नव्हता. त्याच्याविरुद्ध मतदान झाले नव्हते आणि त्याच्या पाकिटातही कोणतीच गफलत नव्हती. स्पर्धा संपल्यावर काही काळाने त्याला दुसरा क्रमांक देण्यात आला. पारितोषिकांवरून दरवर्षी भांडणारे चाहते हे उदाहरण सहसा घेत नाहीत.